शिळा ठिपका

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. तिच्याहून वयाने मोठे असलेलेही म्हणत, आणि एखादं नको ते काम गळ्यात मारायचं असलं की साहेब तर फारच मायेने म्हणत. त्या दिवशी मीटिंग सुरू होता होताच त्यांनी अशी काही लांबवून "ताईऽ" हाक मारली, की लॅपटॉपमधून मान वर काढायच्या आधीच तिने ओळखलं, आता आपली धडगत नाही.

"ताई, आपली सेवा किती चांगली चालते, ते मला आकड्यांत हवंय. शाळांच्या त्या संस्थेचा करार संपत आलाय. मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, पुढचा करार करायचा तर कशाच्या जोरावर करायचा, ते दाखवा. तर नेमकं काय मोजायचं, ते तुम्ही ठरवा."

सेवा म्हणजे तशी साधीच होती. शाळेच्या प्रत्येक बसमध्ये एक छोटं यंत्र बसवलेलं असे. ते यंत्र बस कुठे आहे ते कंपनीच्या क्लाउडवरच्या सर्व्हरला कळवत राही, आणि आईबापांनी फोनवर ॲप उघडलं की सर्व्हर त्यांना नकाशावर एक निळा ठिपका दाखवी. ठिपका जवळ आला की चपला पायात सरकवायच्या, कोपऱ्यावर जायचं, पोराला उतरवून घ्यायचं. एवढंच. हे सगळं नीट चाललंय की नाही यावर नजर ठेवणं हे ताईचं काम. पण आजवर नजर ठेवायची म्हणजे हॉलमधल्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनकडे बघायचं, आणि तिथे हिरवं दिसलं की चहा प्यायला जायचं, असाच सगळ्यांचा समज होता. स्क्रीन कायम हिरवाच असे.

"मला एकटीला ठरवू द्याल?" ताईने विचारलं.

"अर्थात! फक्त सगळ्यांचं ऐकून घ्या," साहेब म्हणाले, आणि तिथेच घात झाला.

पुढचे कित्येक दिवस ताई सगळ्यांचं ऐकत बसली. सर्व्हरचं काम बघणारा एक चुणचुणीत प्रोग्रॅमर होता, त्याला सगळे रॉकेट म्हणत, कारण त्याला वेगाखेरीज कशात रस नव्हता. त्याचं म्हणणं, सर्व्हर किती पटकन उत्तर देतो तेवढं मोजा, बाकी सगळा पसारा आहे. विक्री बघणाऱ्या गृहस्थांची जीभ अशी साखरेत घोळलेली, की त्यांचं नाव गोडबोल्या पडलं होतं. त्यांना ॲप किती लोकांनी डाउनलोड केलं आणि किती जणांनी पाच तारे दिले, ते हवं होतं. कुणाला सर्व्हरची मेमरी किती भरली ते, कुणाला एक बटण किती वेळा दाबलं जातं ते. एकीने तर लोक कंपनीच्या बोधचिन्हाकडे किती वेळ बघतात तेही मोजू या म्हणून सुचवलं.

"हे कशाला मोजायचं?" ताईने विचारलं.

"असू दे ना ताई. मोजता येतंय तर."

हे वाक्य ऐकून ऐकून ताईचे कान किटले. मोजता येतंय म्हणून मोजायचं, आणि मोजलंय म्हणून भिंतीवर लावायचं! हळूहळू त्या स्क्रीनवर इतके आकडे जमले की ते वाचायला पुढे जाऊन टाचा उंचवाव्या लागत. त्यातल्या निम्म्यांना धोक्याची घंटा जोडलेली होती, त्यामुळे सगळ्यांचे फोन दिवसभर कुरकुरत राहत आणि सगळे ते न बघताच उलटे करून ठेवत.

याच सुमारास ती गोष्ट घडली.

दुपारची मीटिंग रंगात आली होती. आकडे गोल चकतीत दाखवायचे की पट्टीत, यावर दोन तट पडले होते. तेवढ्यात ताईच्या नवऱ्याचा फोन आला. नवरा घरीच बसून पुस्तकांची मुद्रितं तपासत असे. चुका शोधणं हा त्याचा धंदा, आणि दुर्दैवाने छंदही.

"तुझी मुलगी परत शाळेत गेली," तो म्हणाला.

"का? काही विसरली का?"

"ती काही विसरली नाही. मीही विसरलो नाही. तुमचा ठिपका विसरला. मी ॲप उघडलं, बस पुलावर दाखवत होती. म्हटलं वेळ आहे, एवढं पान संपवतो. पान संपवून बघतो तर बस पुलावरच. म्हटलं गर्दी असेल, आणखी एक पान. मग मावशींचाच फोन. बस येऊन गेलीसुद्धा. घ्यायला कुणी नव्हतं म्हणून नियमाप्रमाणे पोरीला परत घेऊन गेले. आता मी निघालोय आणायला."

मावशी म्हणजे बसमध्ये मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या बाई. ताईने फोन ठेवला आणि भिंतीकडे बघितलं. हिरवं. जिथे बघावं तिथे हिरवंगार.

"रॉकेट, ठिपका चुकीचा दिसतोय का रे आत्ता?"

"आत्ता? छे. बघा की, किती मस्त चाललंय!" तो खुर्चीतून न हलता म्हणाला. "उत्तराचा वेळ तर आज सकाळपेक्षाही कमी आलाय. एखाद्या पालकाचं नेट गेलं असेल."

"तो पालक माझा नवरा आहे. आणि नेट त्याच्या जिवापेक्षा जास्त चालू असतं."

"मग फोन जुना असेल," गोडबोल्या मधाळ आवाजात म्हणाले. "लोक काय काय फोन वापरतात हल्ली, विचारू नका."

संध्याकाळी घरी गेल्यावर ताईने लेकीची समजूत काढायचा प्रयत्न केला. लेक चौथीत होती, आणि तिच्या रागाला वयाची अट नव्हती.

"मी शाळेच्या ऑफिसात बसले होते. एकटी. मावशींनी बिस्किट दिलं. मला नको होतं, तरी खाल्लं."

"चूक झाली बाळा. बाबांना बस दिसलीच नाही."

"बाबांची चूक नाहीये," लेक म्हणाली. "आणि माझ्या वर्गात सगळ्यांना माहितीये, ते ॲप माझ्या आईचं आहे म्हणून."

नवरा आतून ओरडला, "मी काही सांगितलेलं नाही हं वर्गात!"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर काढायची तेच कळेना. हे ॲप तिचं कधी झालं? चांगलं चाललं की ते कंपनीचं असे आणि बिघडलं की तिचं. नणंदेचा फोन यायचा तो हेच सांगायला, "वहिनी, तुमचं ते ॲप बघा हो जरा." दीर लग्नकार्यात भेटला तरी ताटावर बसल्या बसल्या तक्रारींचा पाढा वाचायचा. या सगळ्यांना ती आजवर एकच उत्तर देत आली होती, "आमच्या बाजूने सगळं ठीक आहे." ते वाक्य आता तिला स्वतःलाच टोचायला लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी टाकली, शाळेत जाऊन परवानगी घेतली, आणि शाळा सुटताना लेकीच्याच बसमध्ये चढून बसली. लेकीने तिला बघितलं, डोळे विस्फारले, आणि सरळ शेवटच्या रांगेत जाऊन आपण या बाईला ओळखत नाही असा चेहरा करून बसली. चालककाकांना वाटलं, ही तपासणीला आलेली अधिकारी. त्यांनी बस अशी काही जपून चालवायला घेतली की शेजारून सायकली पुढे जायला लागल्या.

"काका, रोज चालवता तशीच चालवा हो," ताई म्हणाली.

"रोज अशीच चालवतो मॅडम," काका म्हणाले आणि आणखी हळू झाले.

मागून पोरांनी कल्ला केला. ताईने तिकडे दुर्लक्ष करून फोन उघडला. फाटकाबाहेर पडताना ठिपका बसबरोबरच होता. पहिल्या वळणाला किंचित मागे पडला. मग बाकीच्या बसही बाहेर पडल्या, घरोघरी फोन उघडले गेले असणार, आणि ठिपका जो रेंगाळला तो रेंगाळलाच. बस बाजाराच्या रस्त्याला लागली तरी हा अजून पेट्रोल पंपावर उभा. बस पूल उतरून पलीकडच्या इमारतींत शिरली तरी याला पूल काही सोडवेना. मग एकदम जाग आल्यासारखा टुणकन उडी मारून पुढे येई, आणि पुन्हा डुलकी.

प्रत्येक थांब्यावर तिला तेच दिसलं. एक बाई ओट्यावरचं काम अर्धं टाकून ओल्या हातांनी धावत आली. "अगं बाई, आली पण? अजून पुलावर दाखवतंय!" एक आजोबा एका पायात चप्पल आणि एका पायात बूट अशा अवतारात आले आणि मावशींनाच रागावले. एका थांब्यावर दोन जण आधीपासून झाडाखाली उभे होते. ताईने खिडकीतून विचारलं, "ॲप वेळेवर दाखवतं का हो तुम्हाला?"

"ॲप?" त्यातला एक म्हणाला. "ते आम्ही उघडतच नाही. बस येणार त्याच्या खूप आधी येऊन उभं राहायचं. मग चुकत नाही."

ताईला हे सगळ्यांत जास्त लागलं. हे दोघे भिंतीवरच्या आकड्यांत समाधानी ग्राहक म्हणून मोजले जात होते. ॲप फोनवर आहे आणि तक्रार नाही, म्हणजे खूश!

ऑफिसात परतल्यावर तिने खुर्ची ओढली आणि रॉकेटच्या शेजारी जाऊन बसली.

"मला एक सांग. शाळा सुटते तेव्हा हजारो पालक एकदम ॲप उघडतात. तरी तुझा सर्व्हर इतक्या झटपट उत्तर कसं देतो?"

रॉकेटचा चेहरा फुलला. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तो बहुधा वर्षभर थांबला होता. "ते माझंच काम आहे, ताई. दर वेळी बस कुठे आहे ते नव्याने शोधत बसलं तर सर्व्हर दमेल. मग मी काय केलं, एकाला दिलेलं उत्तर जपून ठेवायचं. पुढचा विचारील त्याला तेच द्यायचं. शोधायचं कामच नाही!"

"आणि किती वेळ जपायचं?"

"तीच तर गंमत आहे. ठरावीक नाही. गर्दी जितकी जास्त, तितकं जास्त वेळ जपायचं. आपोआप."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे ज्या वेळी सगळ्यांना बस बघायची असते, नेमकं त्याच वेळी तू त्यांना शिळं वाढतोस."

"शिळं काय म्हणता, ताई! थोडं आधीचं म्हणा."

"अरे, बस हलते! बस म्हणजे काय इमारत आहे का, काल होती तिथेच आज असायला? शिळ्या ठिपक्याला तू वेग वेग म्हणून मिरवतोस, आणि वर भिंतीवर लावतोस!"

रॉकेट दुखावला. "मला वेग मोजायला सांगितलं होतं. वेग चांगला आहे. ताजेपणा कुणी मोजायला सांगितला होता?"

आणि खरंच कुणी सांगितला नव्हता. काय मोजायचं ते ठरवायचं काम तिचंच होतं, आणि ती गोल चकती की पट्टी या वादात पंच म्हणून बसली होती.

त्या आठवड्यात तिने आपला मसुदा मांडला. मसुदा कसला, एक वाक्य होतं. पालकांनी शंभर वेळा ॲप उघडलं, तर त्यातल्या किती वेळा त्यांना दिसलेला ठिपका अर्ध्या मिनिटाहून जुना नव्हता? हा आकडा मुख्य. बाकीचे ज्याला हवे त्याने आपापल्या टेबलावर बघावेत, घंटा मात्र याच आकड्याला.

एका वाक्यावर किती बोलता येतं, ते ताईला त्यानंतर कळलं. चर्चेचं नुसतं गुऱ्हाळ. "उघडलं" म्हणजे बोट लावलं तेव्हा, की नकाशा पूर्ण दिसला तेव्हा? "अर्धं मिनिट" कुणी ठरवलं, पाच मिनिटं का नको? बसमधल्या यंत्रानेच उशिरा कळवलं तर आमच्या सर्व्हरच्या माथी का?

"कारण पालकाला तुमचा सर्व्हर आणि तुमचं यंत्र वेगवेगळं दिसत नाही," ताई म्हणाली. "त्याला ठिपका दिसतो. आणि पाच मिनिटांत बस येऊन पोराला घेऊन परत जाते. माझ्या घरी झालंय."

मग वगळावगळी सुरू झाली. जुने फोन वगळा, म्हणे, त्यांची चूक आपल्यावर कशाला. बोगद्यातून जाणाऱ्या बस वगळा, तिथे सिग्नल नसतो. नुकतंच ॲप घेतलेले पालक वगळा, त्यांना सवय नसते. दर वगळण्यागणिक आकडा थोडा थोडा गुटगुटीत होत होता आणि साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत होतं.

"सोमवारही वगळावा," गोडबोल्या म्हणाले.

"सोमवार का?"

"सोमवारी गर्दी फार असते हो."

ताईने हातातलं पेन टेबलावर आपटलं. "मग पालकांनाच वगळा ना! एकाही पालकाने ॲप उघडलं नाही, तर शंभरातले शंभर ठिपके ताजे! कशाला उगाच बस आणि पोरं आणि शाळा!"

आता ही रडते की काय, अशा काळजीने साहेब पाण्याचा ग्लास पुढे सरकवायला लागले. ताई रडत नव्हती. तिला फक्त कुणाच्या तरी डोक्यावर तो ग्लास ओतावासा वाटत होता.

शेवटी काहीही न वगळता मोजायचं ठरलं, "एकदा बघू तरी," या बोलीवर. आकडा आला. शाळा सुटायच्या वेळी शंभरातले एकसष्ट.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "दिवसभराचा घ्या की. एवढ्याशा वेळाचाच का?"

दिवसभराचा चौऱ्याण्णव आला.

"हां! हा कसा भारदस्त वाटतो," गोडबोल्या म्हणाले.

"वाटणारच," ताई म्हणाली. "पालक दिवसभर अधूनमधून ॲप उघडून बघतात, आणि तेव्हा बस बहुतेक उभीच असते. उभ्या बसचा ठिपका चुकणार कसा? आपण उभ्या बसचे मार्क घेऊन पास होतोय."

साहेबांनी तिला बाजूला घेतलं. समजुतीच्या सुरात म्हणाले, खोटं थोडंच बोलायचंय, दोन्ही आकडे खरेच आहेत, त्यातला कुठला दाखवायचा एवढाच प्रश्न. ताई म्हणाली, "तुम्हाला हवा तो दाखवा. पण तो मी सांगणार नाही. मला विचारलं तर शाळा सुटतानाचा सांगीन."

"तुम्हाला विचारणार नाहीत," साहेब म्हणाले.

विचारलं नाहीच. मुख्याध्यापिकाबाई आल्या, बसल्या, चहाला नको म्हणाल्या. गोडबोल्यांनी पडद्यावर चौऱ्याण्णव झळकवला आणि त्यावर पाचेक मिनिटं अशी साखर पेरली, की ऐकणाऱ्याला तहान लागावी. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी कुणा एकाला न विचारता, सगळ्यांकडे बघत विचारलं, "हे एवढं छान चालतंय, तर आमच्या शाळेच्या ऑफिसातला फोन दुपारी थांबत का नाही? बस कुठे आहे, बस कुठे आहे. माझा क्लार्क जेवायला उठू शकत नाही."

गोडबोल्यांनी घसा खाकरला. रॉकेट बुटांकडे बघायला लागला. साहेब म्हणाले, "काही पालकांना अजून ॲपची तितकी सवय..."

"सवयीचा प्रश्न नाही, बाई," ताई म्हणाली. तोंडून निघून गेलं, आणि निघाल्यावर तिला बरंच वाटलं. "हा आकडा दिवसभराचा आहे. शाळा सुटताना तो एकसष्टवर येतो. म्हणजे पाचातल्या दोघांना तेव्हा जुना ठिपका दिसतो. का दिसतो तेही आम्हाला कळलंय. दुरुस्त करता येईल, पण आज झालेलं नाही."

आता बाई आपल्या प्रामाणिकपणावर खूश होतील, अशी ताईची कुठेतरी अंधूक आशा होती. बाई खूश वगैरे काही झाल्या नाहीत. त्या संतापल्या. "म्हणजे इतके महिने आम्ही पालकांना सांगतोय, तुम्हीच नीट बघत नाही म्हणून! त्यांची बोलणी आम्ही खाल्ली, आमची त्यांनी. आणि तुम्ही इथे मला चौऱ्याण्णव दाखवताय?"

पूर्ण वर्षाचा करार बारगळला. या सत्रापुरतं चालू द्या, सुधारलं तर पुढचं बघू, एवढं बोलून बाई उठल्या. जाताना ताईकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही तरी आधीच का नाही कळवलंत?" म्हणजे तिथेही बोलणी तिलाच.

त्यानंतर साहेबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. समोरासमोर बसलेली असली तरी रॉकेटला म्हणत, "त्यांना विचार, अहवाल झाला का." रॉकेट मान वळवून विचारी, "ताई, अहवाल झाला का?" ती म्हणे, "झाला म्हणून सांग." गोडबोल्या तर जिन्यात दिसले की फोन कानाला लावत. घरी आल्यावर नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर केलंस." मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण बाईंना पाचातल्या दोघांना म्हणालीस ते ढोबळ झालं. एकसष्ट ताजे तर एकोणचाळीस शिळे." तिने त्याला उशी फेकून मारली.

रॉकेटने आठवडाभर त्या दुरुस्तीला हातच लावला नाही. काम भिजत पडलं होतं, आणि ताईने तगादा लावला की तो म्हणे, बघतोय. एके दिवशी मात्र तो स्वतःहून तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"काल दुपारी मी तुमच्या इकडच्या कोपऱ्यावर गेलो होतो. असाच. बघायला."

"मग?"

"एक बाई होत्या. कडेवर तान्हं बाळ, हातात फोन. फोनकडे बघून म्हणाल्या, मेल्या, हल की जरा. ताई, त्या ठिपक्याला नव्हत्या म्हणत. मलाच म्हणत होत्या."

ताईला हसू आलं, पण तिने ते गिळलं. पोरगं खरंच हिरमुसलं होतं.

त्यानंतर तो झपाटल्यासारखा कामाला लागला. जपून ठेवायचा सगळा खटाटोप त्याने काढून टाकला आणि वेगळीच रीत बसवली. आता पालकांनी विचारायची वाटच बघायची नाही. बस हलली की सर्व्हरनेच ज्यांचं ॲप उघडं असेल त्या सगळ्यांना नवी जागा कळवायची. पहिले दोन प्रयत्न फसले. एकदा तर सगळ्या बस समुद्रात दिसल्या आणि नणंदेचा फोन आला तो जवळजवळ आनंदाचाच होता. पण मग जमायला लागलं. एकसष्टचे सत्तर झाले, सत्तरचे ऐंशी, आणि सत्र संपता संपता शाळा सुटायच्या वेळचा आकडा पंच्याण्णवच्या आसपास येऊन स्थिरावला. शाळेच्या क्लार्कने बाईंना सांगितलं म्हणे, की आता जेवण गरम असताना होतं.

भिंतीवर मात्र एक चौकोन पिवळा पडला. नव्या रीतीत पहिलं उत्तर यायला पूर्वीपेक्षा किंचित जास्त वेळ लागत होता. साहेब ते बघून ताडताड चालत आले आणि अबोला विसरले. "हे पिवळं का?"

"कारण आता सर्व्हर खरं उत्तर देतो. त्याला जरा वेळ लागतो."

"पण पिवळं दिसतंय ना! कुणी आलं तर काय म्हणेल?"

ताईने दीर्घ श्वास घेतला. सुरुवातीपासून सगळं समजावून सांगायची तिची तयारी होती, शक्ती नव्हती. रॉकेटच मधे पडला. "तो आकडा काढून टाकू या, साहेब. माझाच होता. मला नकोय आता."

संस्थेने पूर्ण वर्षाचा करार केला, त्यावर आणखी दोन शाळा जोडल्या. सह्या झाल्या त्या दिवशी गोडबोल्यांनी एक झकपक पत्रक वाटलं. त्यात लिहिलं होतं, "ताजा ठिपका! पालकांच्या मनातलं ओळखणारी आमची अभिनव संकल्पना." खाली त्यांचा हसरा फोटो. ताईने ते दोनदा वाचलं. रॉकेट म्हणाला, "ताई, हे तर तुमचं..." ती म्हणाली, "गप्प बस आणि चहा आण." साहेबांनी छोटंसं भाषण केलं. आपण ग्राहकापासून काही लपवत नाही, हीच आपली ओळख, असं ते म्हणाले. त्यांचा त्यावर खरोखर विश्वास बसला होता. भाषण संपवून ते ताईकडे आले आणि म्हणाले, आता बाकीच्या सगळ्या सेवांचेही असेच आकडे ठरवून टाका, पुढच्या आठवड्यापासून लागा कामाला.

"पुढच्या आठवड्यात मी सुट्टीवर आहे," ताई म्हणाली.

"कधी ठरलं?"

"आत्ता."

लेकीची शाळा बुडवून, तिलाही घेऊन ती माहेरी गेली. पहिला दिवस छान झोपेत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला, ती गुपचूप मागच्या खोलीत गेली आणि फोनवर आकडा बघायला लागली. शहाण्णव. एकदा बघून समाधान होईना म्हणून पुन्हा बघितला. तेवढ्यात आई मटारच्या शेंगांची परडी घेऊन दारात उभी.

"काय बघतेस गं सारखं?"

"काही नाही. ऑफिसचं."

"बिघडलंय का काही?"

"नाही. सगळं नीट चाललंय."

"मग नीट चाललंय ते काय बघायचं?" आईने तिच्या हातातला फोन काढून कपाटावर टाकला आणि परडी तिच्या मांडीवर ठेवली. ताईचं तोंड उघडलं होतं, नीट चाललंय हे बघितल्याशिवाय कसं कळणार ते सांगायला. पण ते आजवर तिने इतक्या लोकांना सांगितलं होतं, की आता आणखी एकदा सांगायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली.